ब्राऊन बेडरूम जरूर करा, पण आधी ट्यूबलाइट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बेडरूमसाठी वॉर्म ब्राऊन शेड्सचं अख्खं पान आलं होतं, त्याबद्दल लिहितेय. आमचं सिडकोत रंगाचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता काउंटरला मी असते, त्यामुळे असं पान आलं की पुढचा आठवडाभर त्याची कात्रणं आमच्याकडेच येतात. पान छान होतं, फोटो तर फारच छान. ब्राऊन बेडरूमला शोभतो यात वादच नाही, पांढऱ्या टाइल्स, पांढऱ्या भिंती, पांढरा उजेड, नाशकात थंडीत पारा दहाच्या खाली गेला की अशी खोली दवाखान्यासारखी वाटते, म्हणून लोकांना काहीतरी ऊबदार हवंय हे मलाही कळतं. पण 'हा रंग छापलाय तसाच मिळणार नाही' एवढी एक ओळ तुम्ही टाकली असती ना, तर माझा निम्मा घसा वाचला असता.

कारण साधंय. पेपरचा कागद मुळात करडा-पिवळट, त्यावर चार शायांचे ठिपके, त्या ठिपक्यांतून तयार झालेला ब्राऊन आणि भिंतीवरचा ब्राऊन यांची गाठ पडणार कशी? आणि मोबाइलचा स्क्रीनशॉट आणणाऱ्यांचंही तेच, ब्राइटनेस कमी केला की कॉफी, वाढवला की बदामी. बऱ्याच रंगांत एवढा फरक जाणवत नाही, ब्राऊनमध्ये का जाणवतो माहितीये? ब्राऊन म्हणजे खरं तर कमी उजेडातला केशरी. विश्वास नसेल तर मोबाइलच्या कुठल्याही चित्र काढायच्या अॅपमध्ये केशरी घ्या आणि त्यातला उजेड खाली खाली आणत जा, आपोआप चॉकलेटी होतो. म्हणजे हा रंग आजूबाजूला काय आहे आणि उजेड कसला आहे यावरच जगतो, आणि पुरवणीत नेमकं उजेडाबद्दल एक अक्षर नव्हतं.

मध्यंतरी पाथर्डी फाट्याकडचं एक जोडपं आलं होतं, नवीन फ्लॅट, गंगापूर धरणाकडच्या कुठल्यातरी रिसॉर्टला जाऊन आलेले, तिथल्या खोलीचा फोटो दाखवून म्हणाले ताई सेम हाच हवा, हॉटेलसारखा. मी त्यांना विचारलं, त्या हॉटेलच्या खोलीत छताला ट्यूब होती का? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. नव्हती, नसतेच, तिथे पलंगाच्या दोन बाजूंना दोन पिवळे दिवे आणि पडद्यामागे एक पट्टी, संपलं. मग मी एकाच डब्यातली शेड मारलेले दोन पुठ्ठे काढले, एक काउंटरवर ट्यूबखाली ठेवला आणि दुसरा आत कपाटाच्या वर वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब आहे त्याच्याखाली. बाहेरचा चिखलासारखा दिसत होता, करडा, मेलेला, आणि आतला मधाळ. नवऱ्याने पुठ्ठ्यांची अदलाबदल करून बघितली तरी त्याला पटेना की डबा एकच आहे, बायकोला मात्र लगेच कळलं आणि ती म्हणाली मग आपण रंगाच्या आधी लाइटच घेऊया ना.

तर हेच म्हणायचंय. आपल्याकडे बहुतेक घरांत बेडरूमला 6500 केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर) पांढरी एलईडी पट्टी असते, बॉक्सवर कूल डेलाइट लिहिलेलं असतं तीच. त्या निळसर उजेडात वॉर्म ब्राऊनमधला वॉर्मपणाच मरतो. 3000 केल्विनवाला वॉर्म व्हाइट घ्या, अभ्यासाला किंवा कपडे बघायला जास्त उजेड हवा असेल तर मधला 4000 केल्विनचा चालेल, पांढरी पट्टी ठेवायचीच असेल तर ठेवा पण वेगळ्या बटणावर. शे-दोनशेचा बल्ब बदलून आधी आठवडाभर राहून बघा, काही जणांना तर आहे तोच क्रीम कलर तेवढ्यावर आवडायला लागतो आणि रंगाचा बेतच रद्द होतो. (हे दुकानदाराने लिहू नये खरं म्हणजे, घरी कळलं तर बोलणी खाईन.)

दिवसाच्या उजेडाचंही तसंच. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड असतो, तिथे लालसर झाक असलेला ब्राऊन घ्यावा, विटकरीकडे झुकणारा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी ऊन आत येतं आणि ते स्वतःच केशरी असतं, तिथे तोच लालसर शेड पाच वाजता भडक होतो, म्हणून तिकडे जरा करडेपणा असलेला, मातकट चालतो. आणि सिडकोतल्या रो-हाउसच्या कितीतरी बेडरूम अशा आहेत की खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत, ती भिंत पोपटी असली की आपल्या ब्राऊनवर हिरवट झाक येते. वास्तूप्रमाणे नैऋत्येला ब्राऊन चालतो का हे विचारणारे पुष्कळ असतात, त्यांना मी म्हणते चालत असेल हो, पण खिडकीत काय दिसतं ते आधी सांगा.

झाक ओळखायची कशी हे विचारतात. शेडकार्डच्या एका पट्टीवर खाली-वर सहासात शेड असतात, त्यातला सगळ्यात गडद बघायचा, आपल्याला घ्यायचा असला हलका तरी. हलक्यात लपलेलं गडदमध्ये उघडं पडतं, लाल आहे की पिवळा की हिरवट. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनमध्ये ब्राऊन बनवताना मुख्यतः लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड आणि काळा असे स्टेनर, म्हणजे डब्यात मिसळायचे घट्ट रंग, पडतात, आणि खेळ सगळा शेवटच्या थेंबांचा असतो. लाल-पिवळे ऑक्साइड म्हणजे लोखंडाचेच, कुंड्यांना लावतो तो गेरू त्याच घराण्यातला. याचा एक फायदा कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, हे ऑक्साइड उन्हाने सहजासहजी उडत नाहीत. भडक गुलाबी किंवा लिंबू पिवळा उन्हाच्या भिंतीवर फिका पडतो, ऑक्साइडचा ब्राऊन टिकतो.

आता पुरवणीतल्या 'वाड्याचा फील' या वाक्याबद्दल. हे वाक्य वाचून लोक चारही भिंती चॉकलेटी करायला निघालेत. अहो, जुन्या नाशकात जाऊन बघा की, सराफ बाजारातला सरकारवाडा बघा, ब्राऊन कुठे असतो? खांबांना, तुळयांना, दारांना, म्हणजे लाकडाला. भिंती चुन्याच्या, फिक्या. म्हणून तर ते लाकूड उठून दिसतं. वाड्यासारखं करायचं असेल तर भिंत बदामी किंवा गव्हाळ ठेवा आणि ब्राऊन पलंगाला, दाराला, पडद्याला द्या, भिंतीचा खर्चही कमी येईल कारण गडद शेडमध्ये स्टेनर जास्त पडतो आणि त्याने डबा महाग होतो.

फॅनडेकवर, म्हणजे शेडकार्डांच्या पंख्यासारख्या जुडग्यावर, बऱ्याचदा शेडच्या मागे एलआरव्ही म्हणून आकडा असतो, काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 100 धरून रंग किती उजेड परत फेकतो ते त्यात कळतं. गडद चॉकलेटी 10 च्या आसपास किंवा खालीच असतात, बदामी-बिस्किट कलर 50-60 च्या घरात. दहा बाय अकराची खोली आणि एकच खिडकी असेल तर तीन भिंती 50 च्या वर ठेवा असं माझं मत. उरलेली एक गडद करायची तर करा. पण ती पलंगाच्या डोक्यामागचीच का करतात हे मला अजून समजलेलं नाही, झोपणाऱ्याला ती दिसतच नाही, दिसते दारातून डोकावणाऱ्या पाहुण्यांना. शिवाय डोक्याचं तेल तिथेच लागतं आणि गडद मॅट रंगावर तो डाग चमकतो, नख लागलं तरी पांढरी रेघ उमटते आणि टचअप केला की ठिगळ दिसतं. तिथे धुता येणारा, किंचित शीन म्हणजे चमक असलेला इमल्शन घ्या. फक्त लांबी-पुट्टी नीट घासलेली पाहिजे, नाहीतर शीन भिंतीच्या सगळ्या लाटा दाखवतो. आणि पावसाळ्यात जी भिंत ओल धरते तिथे गडद ब्राऊन अजिबात नको, पांढरे क्षार फुटून आले की लांबूनही दिसतात. आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मग रंगाचं बोलू.

दुकानात येताना कात्रण नका आणू, कपाटाच्या सनमायकाचा तुकडा आणा, सुताराकडे उरलेला असतोच. आणि टाइलचा तुकडा मिळाला तर तोही. वॉलनट कपाटाच्या शेजारी जवळपास तसाच पण तसा नसलेला ब्राऊन मारला की दोन्ही चुकल्यासारखे वाटतात, एकतर दोनतीन पायऱ्या हलका घ्या नाहीतर चांगला गडद घ्या. मग आवडलेल्या दोनच शेडचे छोटे डबे घ्या, काही कंपन्यांचे 200 मिलीचे सॅम्पल मिळतात नाहीतर 1 लिटर, आणि भिंतीवर नाही तर मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. जुन्या हिरव्या भिंतीवर पट्टा मारून बघणारे फसतात, शेजारचा रंग डोळ्याला चकवतो. पुठ्ठ्याला कडेने पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या कारण इमल्शन ओला असताना फिका आणि वाळल्यावर गडद दिसतो, मग सकाळी, चारच्या उन्हात आणि रात्री दिवा लावून वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. एवढं केलं तर नंतर डबा परत घ्या म्हणून भांडायची वेळ येत नाही, मशीनमधून शेड काढलेला डबा आम्ही कुणाला विकणार?

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी बंगल्यांचे फोटो कमी करून इंदिरानगर, नाशिकरोड, मखमलाबाद इकडच्या टू-बीएचकेमधली एक खरी बेडरूम छापा, एकच भिंत, एक फोटो दुपारचा आणि एक रात्रीचा, खाली खिडकीची दिशा, बल्बचे केल्विन आणि शेडचा नंबर. रंगीत चौकोन छापायची गरज नाही, नंबर पुरेसा आहे, कार्ड आम्ही काढून देऊ. आणि हे पान दसऱ्याच्या निदान महिनाभर आधी येऊ द्या, नंतर दिवाळीपर्यंत एकही पेंटर फोन उचलत नाही.

कळावे,
एक रंगविक्रेती
सिडको, नाशिक