एकच सिनेमा किती वेळा विकत घ्यायचा?

संपादक महोदय,

'स्टार वॉर्स'चे माझ्याकडे तीन संच आहेत : २००४ आणि २००६च्या डीव्हीडी, वर २०११ची ब्लू-रे. तरी १९७७ साली थिएटरात लागलेला सिनेमा धड माझ्याजवळ नाही. १९९७मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्यात संगणकी दृश्ये घुसडली आणि नायकांपैकी एक असलेल्या हान सोलोच्या आधी त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला गोळी झाडायला लावली. २००६च्या संचात मूळ प्रत होती खरी, पण जादा डिस्क म्हणून, डीव्हीडीपूर्वीच्या लेसरडिस्क या तबकडीसाठी केलेल्या जुन्या मास्टर प्रतीवरून उतरवलेली. मोठ्या टीव्हीवर चारी बाजूंनी काळी चौकट, मध्ये धूसर चित्र! ब्लू-रेत तर मूळ तीन सिनेमांतल्या तिसऱ्या, 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये, खलनायक डार्थ व्हेडर ऐन मोक्याला "नोऽऽ" ओरडतो. (मीही ओरडलो, असे सौ. सांगते.)

याच लुकास यांनी १९८८मध्ये अमेरिकी संसदेपुढे जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याविरुद्ध साक्ष दिली होती!

खुशाल बदल करा, पण मूळ प्रतही नीट स्वच्छ करून शेजारी ठेवा. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक असलेल्या गावात जुन्या फिल्मची किंमत आम्हाला कळते. नुसत्या नव्या खोक्यासाठी मी चौथ्यांदा पाकीट काढणार नाही.

एक वाचक, इंदिरानगर, नाशिक