जनसुनवाईच्या इतिवृत्तात नाव नसलेल्या ताईंना जाहीर आभार पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या आरोग्य जनसुनवाईचे, म्हणजे लोकांनी आरोग्यसेवेचे अनुभव व तक्रारी अधिकाऱ्यांसमोर मांडण्याच्या सभेचे, इतिवृत्त नुकतेच आमच्या हाती आले. त्यात उपस्थित अधिकाऱ्यांची, लोकप्रतिनिधींची आणि तक्रारी मांडणाऱ्या कुटुंबांची नावे आहेत, आपले नाव मात्र कुठेही नाही. ते नसावे अशी आपलीच इच्छा होती, म्हणून या पत्रातही ते लिहीत नाही. तरीही हे आभार खासगीत मानून भागणार नाही असे आम्हा सर्व कुटुंबांना वाटले, कारण आपण जे काम केले ते इतर तालुक्यांतील लोकांनाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

रुग्णालयातले ठरावीक उपचार मोफत मिळवून देणारी राज्य सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आमच्यापैकी बहुतेकांना केवळ नावाने माहीत होती. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांनाही तीत घेतले गेले आणि दर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. हे सगळे आपण शाळेच्या ओसरीवर बसून शांतपणे सांगितलेत तेव्हा आमच्यातले काही जण चक्क रागावले. इतके सगळे मिळायचे होते, तर रुग्णालयाच्या खिडकीवर आमच्याकडून पैसे का घेतले गेले, हा त्यांचा प्रश्न होता. आपण त्यांना समजावण्याच्या भानगडीत न पडता एवढेच विचारलेत, की पावती कुठे आहे?

खरे काम तिथूनच सुरू झाले असे मी मानतो. घरोघरी जाऊन आपण डिस्चार्ज कार्डे, औषधांची बिले, शिधापत्रिकेच्या आणि आधार कार्डाच्या प्रती गोळा केल्यात. ज्यांच्याकडे काहीच कागद नव्हता त्यांच्याकडून तारीख, वार्ड आणि नेमके काय सांगून परत पाठवले गेले, एवढे तरी लिहून घेतलेत. आमच्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी योजनेशी संलग्न असलेल्या एका खासगी रुग्णालयाने 'मंजुरी येईपर्यंत' म्हणून अनामत रक्कम भरायला लावली होती आणि मंजुरी आल्यानंतरही ती परत केली नव्हती. पुन्हा त्याच रुग्णालयात जाण्याची वेळ येईल या भीतीने ही गोष्ट आम्ही घरातच ठेवली होती. आपण त्या पावतीच्या मागच्या बाजूचा शिक्काही वाचलात आणि तीवर योजनेचा उल्लेख कुठे नाही, हे आमच्या नजरेस आणून दिलेत.

त्याहून अवघड काम म्हणजे लोकांना 'नाही' म्हणणे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर दरमहा होणाऱ्या खर्चाबद्दल कित्येक म्हातारी माणसे तळमळून बोलत होती, पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे आणि बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची औषधे तिच्यात बसत नाहीत, हे आपण त्यांना स्पष्ट सांगितलेत. असे सांगितल्याने माणसे दुरावतात, आणि दोन-तीन घरे काही दिवस दुरावलीही. परंतु त्यामुळेच आमच्या निवेदनाचे दोन भाग होऊ शकले. नियमाने मिळायला हवे असूनही जे मिळाले नाही ते पहिल्या भागात तक्रार म्हणून आले, आणि नियमातच नाही पण असायला हवे असे जे वाटते ते दुसऱ्या भागात मागणी म्हणून आले. सभेत अधिकाऱ्यांना एकही तक्रार 'हे योजनेतच नाही' असे म्हणून बाजूला सारता आली नाही. माझ्या मते त्या दिवसाचे निम्मे यश या विभागणीत होते.

जनसुनवाई हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि आरोग्याच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संघटनांचे जाळे असलेले जन आरोग्य अभियान यांनी मिळून २००४ साली आरोग्याच्या हक्कावर देशभर सुनावण्या घेतल्या. पुढे २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवण्याचे काम राज्यातील पाच जिल्ह्यांत सुरू झाले, तेव्हा गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून अनुभव सांगण्याची रीत इथे रुजली. तरी आमच्या तालुक्यात अशा सभांची आठवण म्हणजे आरडाओरडा, घोषणा आणि शेवटी 'लेखी द्या, बघतो' हे उत्तर, इतकीच होती. यावेळी 'लेखी द्या' हे शब्द उच्चारले गेले तेव्हा प्रत्येक कुटुंबाच्या हातात अर्जाच्या दोन प्रती तयार होत्या. एक प्रत देऊन दुसरीवर तिथल्या तिथे सही-शिक्क्याची पोच घेण्यात आली. समोरच्या टेबलावर क्षणभर झालेली चुळबूळ आम्ही सगळ्यांनी पाहिली, आणि खोटे कशाला बोलू, आम्हाला बरे वाटले.

बोलायचे कोणी, हाही प्रश्न होताच. आपल्याला नियम तोंडपाठ आहेत, बोलणे मुद्देसूद आहे, तेव्हा आपणच सगळ्यांच्या वतीने बोलावे असा आमचा आग्रह होता. आपण तो मानला नाहीत. जिच्या घरात घडले तिनेच सांगायचे, तीन मिनिटांत सांगायचे, आणि शेवटच्या वाक्यात आपल्याला काय हवे ते मागायचे, असा सराव आपण आदल्या आठवड्यात करून घेतलात. प्रत्यक्ष सभेत एका वहिनींचा आवाज मध्येच अडला तेव्हा आपण माईक हातात घेतला नाहीत. फक्त त्यांच्या कागदावरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलेत. त्यांनी वाचायला सुरुवात केली, मग कागद बाजूला ठेवून त्या स्वतःच्या भाषेत बोलल्या. त्या दिवसातले सर्वांत स्पष्ट बोलणे त्यांचेच होते.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत, जरी ती त्यावेळी आमच्यातल्या तरुणांना पटली नव्हती. सभेपूर्वीच आपण वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि योजनेच्या रुग्णांना मदत करण्यासाठी रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्राला भेटून आमचे प्रश्न त्यांच्या हाती दिलेत. 'शत्रूला आधीच सगळे सांगून टाकायचे का?' असे कोणीतरी म्हणाले होते. त्यावर, तुटपुंज्या पगारावर कंत्राटी काम करणारा आरोग्यमित्र आपला शत्रू नाही, आणि ज्याला प्रश्न आधी कळतो त्याला 'माहिती घेऊन सांगतो' म्हणता येत नाही, असे आपले उत्तर होते. झालेही तसेच. आरोग्यमित्र स्वतःहून बोलले, आणि एकट्याने किती रुग्ण व किती वेळ सांभाळावे लागतात हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मनुष्यबळाची आमची मागणी अधिक ठाम झाली.

सभेतून काय मिळाले याचा हिशोब मोठा नाही. आमच्या वडिलांची अनामत रक्कम चौकशीनंतर परत मिळाली. आणखी काही कुटुंबांच्या तक्रारी योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे गेल्या असून त्यांची उत्तरे यायची आहेत. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची तरतूद शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ पासून आहे. ती दाखवून दिल्यावर शहरातल्या दोन रुग्णालयांत फलक लागले, त्यातला एक तर जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर लागला! औषधांच्या मागणीवर 'वरिष्ठांकडे पाठवण्यात येईल' एवढेच इतिवृत्तात नोंदले आहे.

ती मागणी आम्ही सोडलेली नाही. पोचपावत्यांची वही आता गावातल्या दोन मुली सांभाळतात, दर पंधरवड्याला पंचायत समितीत जाऊन त्या अर्जांची स्थिती विचारतात आणि मिळालेले उत्तर तारखेसह लिहून ठेवतात. येत्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्रातच मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळाव्यात, असा ठराव मांडायचा आहे. त्याचा मसुदा तयार असून या पत्रासोबतच आपल्याकडे पाठवत आहोत. त्यात तक्रार आणि मागणी यांची कुठे सरमिसळ झाली असेल तर लाल शाईने खुणा करून परत पाठवावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
जनसुनवाईत बोललेल्या कुटुंबांपैकी एक, सर्वांच्या वतीने