पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे नेमकं काय रे, पक्या?

प्रिय पक्या,

तुझा परवाचा मेसेज वाचला, "सगळे म्हणतात पॉझिटिव्ह रहा, पण कसं राहू ते एक जण सांगत नाही." त्यावर नुसता अंगठा पाठवून गप्प बसणं काही जमेना म्हणून हे लांबलचक लिहितोय. फोनवर तू दोन मिनिटांत "चल ठेवतो" करतोस, इथे निदान माझं पूर्ण ऐकून तरी घेशील.

पहिलं म्हणजे ते पॉझिटिव्ह-बिझिटिव्ह सोड. आठ वर्षं पार्ट बनवणाऱ्या एकाच व्हेंडरकडे क्वालिटीत घासलीस, कस्टमर ऑडिटच्या आदल्या रात्री घरी न येता तिथंच थांबलास, आणि ऑर्डर कमी झाल्या म्हणून एका दुपारी एचआरने बोलवून हातात लेटर दिलं, मग राग येणारच ना लेका. त्यात सकाळी सकाळी उगवत्या सूर्याच्या फोटोवर सुविचार टाकणारे नातेवाईक. येऊ दे राग. मला काळजी त्याची नाहीच, तू जे म्हणालास ना "आता काय, वेळच वेळ आहे," त्याची आहे.

कारण तो वेळच वेळ मी बघितलाय. २०२० मध्ये लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर सगळ्यांच्या कंपन्या सुरू झाल्या आणि माझी कंपनी काही मला बोलवेना. पावणेसातला आमच्या कोपऱ्यावर बस थांबायच्या, पाठीला सॅक, हातात डब्याची पिशवी, तोंडाला मास्क लावून पोरं चढायची, आणि मी त्या वेळेला गॅलरीत जाणंच बंद केलं. मग उठायलाच साडेनऊ. अंथरुणातच मोबाईल, नोकरीच्या ॲपवर दिसेल तिथे अप्लाय, मग दर पंधरा मिनिटांनी कोणी प्रोफाइल बघितली का ते बघायचं, दुपारी झोप, म्हणून रात्री दोनपर्यंत टक्क जागा. दिवसभर काही केलं नाही तरी संध्याकाळी अंग आंबलेलं. बायकोने विचारलं की आज काय केलं, तर खरंच सांगता यायचं नाही.

मला वाटायचं मीच आळशी. नंतर कुठेतरी ऑस्ट्रियातल्या मारिएंथाल नावाच्या गावाबद्दल वाचलं. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, सगळं एका कापडाच्या कारखान्यावर चालायचं, १९२९-३० च्या मंदीत तो बंद पडला आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार. १९३१-३२ च्या हिवाळ्यात मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले. लोक तडाखेबंद आंदोलन वगैरे करत असतील असं आपल्याला वाटतं, पण गाव थंडावलं होतं. त्यांनी खिडकीतून घड्याळ लावून बघितलं तर रस्त्यावरचे पुरुष सावकाश चालायचे, मधेच थांबायचे, आणि बायका मात्र भराभर जायच्या कारण त्यांना घरातली कामं होतीच. आणि सगळ्यात कमाल म्हणजे लायब्ररी. वेळ भरपूर, पुस्तकं फुकट, तरी वाचणं वाढायच्या ऐवजी पार निम्म्यावर आलं. हे वाचून मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे हे माझ्या एकट्याच्या स्वभावाचं नव्हतं, पगारासोबत दिवसाची चौकटच जाते आणि माणूस ढिला पडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मूड सांभाळत बसू नकोस, सकाळ सांभाळ. बस येते त्या वेळेला अंघोळ झालेली पाहिजे, बास. नोकरी शोधणं सकाळी दोन-अडीच तास, टेबलावर बसून, नंतर ॲप बंद म्हणजे बंद. ॲपवर तशीही आपल्यासारखी हजार माणसं एकाच जागेला अप्लाय करतात, चाकण-भोसरीत जागा भरतात त्या ओळखीने, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तूच किती जणांना आत लावलंस. मग आता स्वतःसाठी तोंड उघडायला काय होतं रे? कस्टमरकडचे एसक्यूए म्हणजे सप्लायरची क्वालिटी बघणारे, मापाच्या गेजचं कॅलिब्रेशन करायला येणारा, सीएमएम या मापं घेणाऱ्या मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर, ही माणसं महिन्याला पंचवीस कंपन्यांत फिरतात, कुठे क्वालिटीचा माणूस सोडून गेला ते त्यांना आधी कळतं. त्यांना "काही असेल तर बघा" असलं मोघम पाठवू नकोस. सरळ लिही, मशीनिंगच्या पार्टची क्वालिटी, पीपॅपची म्हणजे कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची फाईल एकट्याने पूर्ण करतो, सीएमएमचे प्रोग्राम लिहितो, आठ वर्षं, लगेच जॉइन होऊ शकतो. चार ओळी. लाज वाटण्यासारखं यात काय आहे, चोरी थोडीच केलीस.

आणि वहिनीला आकडा सांग. हे मी जोर देऊन सांगतोय कारण तू हप्त्याचं सगळं पोटात ठेवून फिरतोयस हे दिसतंय. तुझी पाच वर्षं कधीच झालीत त्यामुळे ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची आहे, उपकार नाहीत. शेवटचा बेसिक आणि डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक २६,००० धरला तर वर्षाचे १५,०००, आठ वर्षांचे १,२०,०००. तीस दिवसांत द्यावी लागते, अर्ज दिला नसशील तर उद्याच दे आणि पोच घे. पीएफचं मात्र घाईत सगळं काढू नकोस, पेन्शनच्या हक्काला दहा वर्षं लागतात, तुझी आठ झालीत, पेन्शनचा हिस्सा काढलास की ती मोजणी गेली. पोर्टलवर कंपनीने सोडल्याची तारीख टाकलीय का तेवढं बघून घे, नाहीतर पुढे अडकतं. कंपनीची मेडिक्लेम पण नोकरीबरोबर जाते, काकूंची शुगर आहे, तेव्हा त्याच विमा कंपनीकडे स्वतःची पॉलिसी करून मिळते का विचार. हे सगळं एका कागदावर मांडून दोघं बसा. किती महिने निघतील ते एकदा डोळ्यांनी दिसलं की रात्री छातीवर बसणारं ते भूत बरंच लहान होतं, माझं तरी झालं होतं.

काही दिवस तरीही वाईट जातील. इंटरव्ह्यू चांगला होऊन पुढे फोनच येत नाही, त्या दिवशी तर कशातच मन लागत नाही, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, त्या दिवशी मला शिव्या घालायला फोन कर. लग्नकार्य मात्र टाळू नकोस. "सध्या काय चाललंय" विचारणारा एखादा काका सगळीकडे असतोच, "शोधतोय, तुमच्या माहितीत आहे का कुठे?" असं उलट विचारायचं, एकतर काम निघतं नाहीतर काका जेवायला पळतात.

आता कामाचं. शनिवारी सकाळी दहाला भोसरीला ये. वर्कशॉपवाल्या माझ्या मित्राकडे एका बुशचं रिजेक्शन वाढलंय, बोअर म्हणजे आतलं भोक ओव्हल येतंय आणि ऑपरेटर दोष मशीनवर ढकलतोय, मशीनवाला पार्ट पकडणाऱ्या चकवर. मी तुझं नाव सांगितलंय. पर्मनंट वगैरे काही नाही, दिवसाचे पैसे देईल, किती ते तूच बोलून घे आणि भिडेखातर कमी सांगू नकोस. बोअर गेज तुझा स्वतःचा घेऊन ये, त्याचा कॅलिब्रेशनला गेलाय.

तुझाच,
संज्या

ता.क. जॉइनिंगच्या आधी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप, कशाच्याही नावाखाली कोणी पैसे मागितले तर नंबर ब्लॉक कर. तू पाठवलेलं ते ऑफर लेटर मी नीट बघितलं, आयडी जीमेलचा आहे आणि कंपनीचं स्पेलिंग चुकलंय.