पद्या, तुझी वही आठवली

पुणे, रविवार दुपार

प्रिय पद्या,

सात महिने ना पत्र ना फोन, आणि आता एकदम एवढं जाड पाकीट. शऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे तू ते न फोडताच ओळखलं असशील. बिनसलंयच. नाना गेल्याचं मोहनने तुला कळवलं त्या रात्री तू मला दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. कामात नव्हतो. फोनकडे बघत बसलो होतो. लाज वाटत होती. कसली ते सांगायला हे लिहितोय. माधवीलासुद्धा अजून बोललेलो नाही.

तब्येत बरी. साखर काठावर होती ती जरा अलीकडे आली. गुडघा आहे तसा आहे. झालं.

तर नाना. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, पुष्पक शववाहिनी नको, खांद्यावरून न्या. दिंडी दरवाजातून तिरडी तिरकी करून काढावी लागली. काकूंचं कपाट आत नेताना आपण जे केलं होतं, तेच उलट्या दिशेने. सदाशिव पेठेतून वैकुंठ स्मशानापर्यंत चालत गेलो. नाना शेवटी शेवटी पाखरासारखे हलके झाले होते, तरी खांदा भरून आला. अलका चौक ओलांडताना मनगटावर थरथरलं. माझ्या हातात तो पावलं मोजणारा बँड असतो ना, पोरीने वाढदिवसाला दिलेला, तो. बघितलं तर विचारतोय, तुम्ही चालण्याचा व्यायाम करताय असं दिसतंय, नोंद ठेवू का?

मी 'हो' दाबलं, पद्या. डाव्या खांद्यावर नाना आणि उजव्या हाताच्या बोटाने 'हो'.

पुढचं ऐक. विद्युतदाहिनीशी सगळे कट्ट्यावर टेकले. तास-दीड तास जाणार होता. मी सहज आकडा बघितला, ८,८६०. म्हणजे रोजच्या दहा हजार पावलांना ११४० कमी. मग मी उठलो आणि येरझाऱ्या घालायला लागलो. कट्ट्यापासून फाटकापर्यंत एकशे दहा पावलं भरतात. फाटकाशी वळायचं, परत यायचं. मोहन बराच वेळ बघत होता. शेवटी तो उठून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस रे शरद. किती त्रास करून घेशील? नव्वदीला आले होते, सुखाने गेले." त्याचे डोळे भरलेले. वडील त्याचे गेलेत आणि सांत्वन तो माझं करतोय! मी बसलो. ९,७००च्या आसपास होतो. पाच मिनिटांनी "पाणी पिऊन येतो" म्हणून उठलो आणि नळापर्यंत लांबच्या वाटेने जाऊन आलो. नळाशी ओंजळ धरलेली असताना मनगटावर फटाके फुटले. खरंच, त्या काचेवर रंगीत फटाके फुटतात दहा हजार झाले की.

आता हसतोयस ना? हस. तुला हक्क आहे. राजगडावर तुझी वही मी पद्मावती तळ्यात फेकली होती. एकोणीसशे एक्याण्णव, डिसेंबर. तू दर टप्प्यावर थांबून मनगट धरून नाडी मोजायचास, गुंजवणे ते चोर दरवाजा किती मिनिटं, एस.टी. किती, चहा किती, माझ्याकडून चाळीस पैसे येणे. मी ओरडलो होतो, "गड बघायला आलायस की जमाखर्च लिहायला?" आणि भिरकावली. दोन महिने बोलला नाहीस. नानांनी दोघांना एका ताटात जेवायला बसवलं तेव्हा कुठे मिटलं. ते चाळीस पैसे मात्र मी अजूनही देणं लागत नाही, चहा तुझा होता.

तर त्या वहीबद्दल आज, चौतीस वर्षांनी, माफी. तुझी वही निदान गप्प असायची. तिने कधी तुला मध्येच ढोसून सांगितलं नाही की बराच वेळ बसलायस, ऊठ.

हे दहा हजार आले कुठून ते शोधून काढलं, तुला आवडेल. डॉक्टरांनी ठरवलेला आकडाच नाही तो! टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमधल्या एका घड्याळांच्या कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव मानपो-केई. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मापक. गोल आकडा, कानाला बरा, चिकटला. पुढे २०१९मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर म्हाताऱ्या बायकांची पावलं मोजली, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण ४,४०० चालणाऱ्यांमध्येच २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यू बरेच कमी निघाले, आणि ७,५००च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. म्हणजे वैकुंठात मी ज्या ११४० साठी मोहनला रडवलं, ती पावलं माझ्या हृदयाने मागितलीच नव्हती. एका जाहिरातीने मागितली होती.

आणि ती पावलं तरी खरी कुठे? हात हलला की पाऊल. गणपतीत आरत्यांना टाळ्या वाजवून मी तीनशे चाललो. शिवाजीनगरला स्कूटरवर खड्ड्यांतून गेलो, तेही थोडं चालून झालं. उलट मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलो तर निम्मं चालणं हिशेबातच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी यादी लागते, कोण पहिला, कोण शेवटी. आमच्याकडचे एक गृहस्थ महिनाभर पहिले होते. नंतर कळलं, संध्याकाळी बँड नातवाच्या हाताला बांधून त्याला खाली खेळायला सोडायचे. मी त्यांना नावं ठेवली. ठेवताना उभा होतो, जागच्या जागी पाय हलवत.

दिवसाचं एक वेळ ठीक आहे. झोपेचं जास्त वाईट झालंय. सकाळी उठतो तेव्हा मी चांगला ताजा असतो, पहिलं अर्धं मिनिट. मग फोन उघडतो आणि त्यात रात्रीचे मार्क असतात. शंभरापैकी ५८. की लगेच अंग जड, डोळे चुरचुरायला लागतात, ऑफिसात अकरालाच जांभया. माधवीने परवा चहा ठेवता ठेवता विचारलं, "झोप लागली का?" मी म्हटलं, "थांब, बघून सांगतो." तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भूक लागली की नाही हेही त्यातच बघ, मी तोवर फिरून येते." आणि खरंच गेली. चहा मीच केला.

यावरही वाचलं. कोलोरॅडोतल्या एका कॉलेजात २०१४च्या सुमारास पोरांना यंत्राला जोडल्याचं नाटक केलं आणि काल रात्रीची तुमची झोप चांगली किंवा वाईट होती असं खोटंच सांगितलं. चांगली सांगितलेली पोरं डोक्याच्या चाचणीत बरी निघाली, वाईट सांगितलेली मागे पडली. खरी झोप कशी का असेना. २०१७ साली तिकडच्या झोपेच्या डॉक्टरांनी या दुखण्याला नावच देऊन टाकलं, ऑर्थोसोम्निया. पेशंट बँडचे आकडे घेऊन येतात, आणि दवाखान्यातली तपासणी झोप चांगली आहे म्हणाली तरी विश्वास बँडवरच. गाढ झोप कुठली नि उथळ कुठली हे नीट सांगायचं तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. मनगटावरचा हिरवा दिवा रक्तावरून परावर्तित झालेला उजेड बघून नाडी धरतो, आणि नाडी नि हालचाल यांवरून झोपेचा अंदाज बांधतो. मी रात्री दीडला छताकडे बघत निपचित पडलेलो असतो, ती त्याच्या लेखी झोप. हे सगळं मला समजतं, पद्या. तरी सकाळी सहाला आधी मार्क बघतो.

वर्ल्डकपच्या फायनलचं तर तुला सांगितलंच नाही. १९ नोव्हेंबर २०२३. बँड नवा होता. ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेड सुटला होता, आणि तो सुटला की आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मनगटावर सूचना आली, तुम्ही बसलेले असताना तुमची नाडी १२०च्या वर आहे. ती वाचून १२८ झाली. १२८ बघून १३४. माधवीने टीव्ही बंद केला तर मी ओरडलो, म्हणून आणखी दोन वाढली. रात्री साडेनऊला मी घामाघूम, पोरीला फोन, रिक्षा, दवाखाना. ईसीजी स्वच्छ. ड्यूटीवरचा पोरगेला डॉक्टर, त्याने कागद बघितला, मग माझ्या अंगातला निळा टी-शर्ट बघितला आणि विचारलं, "काका, मॅच?" पुढे म्हणाला, आज तुम्ही चौथे. हेडने १३७ केले, मी १३६ला थांबलो.

एवढं असूनही मी तो काढून फेकत का नाही? तळं काय, मुठा नदी घरापासून दहा मिनिटांवर आहे. कारण त्याने काहीच केलं नाही म्हणणं खोटं होईल. दोन वर्षांपूर्वी मी जिन्याला घाबरायचो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्कूटर काढायचो. आता ऑफिसातून परतताना दोन स्टॉप आधी उतरतो, आणि साखर अलीकडे आली ती त्यानेच. २०२२मध्ये सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज झाली त्यातही हेच आहे, असं यंत्र लावणारी माणसं दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात. मी त्या सरासरीतलाच. चालतो तर आहे. आनंदाने चालतो का, हे विचारलंस तर मला फोन शोधावा लागेल.

दसऱ्यानंतर चार दिवस बँड काढून ठेवला होता. मनगटावर गोरा पट्टा उमटलाय, मुंजीतल्या पोरासारखा दिसतो. पहिले दोन दिवस मी त्या पट्ट्याकडेच बघत होतो. तिसऱ्या दिवशी लकडी पुलावरून चालत गेलो, छान संध्याकाळ, वारा, आणि डोक्यात एकच, हे चालणं फुकट गेलं. फुकट! नदीवरून चालतोय, कोणाचं काही देणं नाही, आणि कुणी लिहून घेत नाहीये म्हणून मला चुकचुकतंय. पाचव्या दिवशी बांधला. मला बँडची भीती वाटत नाही. त्याशिवायच्या त्या पुलाची वाटते.

दहाव्याच्या संध्याकाळी मोहन नानांचं जाकीट झाडत होता. ते खाकी, कोपरावर ठिगळ असलेलं. खिशांतून चिंचोके पडले. आठवतंय ना? बोळातल्या मारुतीला अकरा प्रदक्षिणा. सगळे चिंचोके डाव्या खिशात, एक फेरी झाली की एक उजव्यात. मध्येच कोणी भेटलं की चिंचोका हातातच राहायचा, मग तो कुठून काढला ते आठवायचं नाही, आणि नाना संशयाचा फायदा बेधडक स्वतःला द्यायचे. काकू म्हणायच्या, तुमच्या अकरा म्हणजे नऊ. ते डावीकडे सात आणि उजवीकडे चार निघाले. मोहन खाली बसला. मीही. या वेळी खरंच रडलो, आणि त्याने या वेळी काही म्हटलं नाही. त्या दिवशीचं त्याला सांगावं का? मला तरी वाटतं सांगू नये. तू सांग. तू म्हणशील तसं करीन.

चिंचोके मी मागून घेतले. घासून घासून गुळगुळीत झालेत, एकाला अर्धं सालच राहिलेलं नाही. टेबलावर ठेवलेत. रात्री बँड काढून त्यांच्याशेजारी ठेवतो. एवढं मात्र ठरवलंय, झोपेचे मार्क बंद. नऊ रात्री झाल्या. (मोजल्या.)

तुझं काय? इंदूरचं घर विकताय म्हणे, मोहन म्हणत होता. घाई करू नकोस, आणि भावाबरोबर कागद नीट करून घे. केतकीचं ठरलं का? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना सांग मला खरमरीत लिहायला आता हरकत नाही.

डिसेंबरात येतोयस ना? पर्वती चढू. पायऱ्या एकशे तीन की एकशे आठ हे एकदा काय ते होऊन जाऊ दे. तू एकशे तीन म्हणायचास, मी एकशे आठ, आणि दर वेळी अर्ध्यावर भांडण लागून दोघांचीही मोजणी चुकायची. बँड काढून येईन असं वचन देत नाही. पण मोजायचं चिंचोक्यांनी. अकराच आहेत, त्यात एकशे तीन कशा बसवायच्या ते तू बघ, गणित तुझं होतं. नवी वही मी आणतो.

तुझा,
शऱ्या