खडकीच्या काकांना, त्या पितळी फ्यूजबद्दल मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही एवढं सगळं समजावलंत आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते हात जोडल्याचे इमोजी टाकून मोकळा व्हायचं हे काही बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. फ्यूज म्हणजे विजेचा नव्हे, तोफगोळ्याच्या किंवा बॉम्बच्या नाकावर बसणारा, स्फोट घडवणारा भाग. मी इकडे इंग्लंडात, केंटमध्ये असतो. जुन्या लष्करी सामानाचा नाद आहे, बायकोच्या मते व्यसन. एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, मुठीत मावेल एवढा जडशीळ पितळी तुकडा मिळाला, विकणारा म्हणे पेपरवेट आहे. बुडाला आटे, अंगावर ब्रॉड अ‍ॅरो म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाचा तो बाण, ९/१८ अशी तारीख, आणि नंबर १४ च्या पुढे पार घासलेला. मावसभाऊ म्हणाला आमच्या शेजारचे काका खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणीला होते, त्यांना फोटो टाक.

तुमचा पहिला मेसेज अजून जपून ठेवलाय. "आधी खाली ठेव. आटे फिरवू नकोस, पॉलिश मारू नकोस, पोलिसांना फोन लाव." नमस्कार नाही, चमत्कार नाही. नंतर कारण सांगितलंत की फ्यूजच्या पोटात डेटोनेटर, म्हणजे स्फोटाची सुरुवात करणारा छोटा भाग असतो आणि त्याखाली सी. ई. ची, म्हणजे टेट्रिल या स्फोटकाची गोळी, आणि शंभर वर्षं झाली म्हणून ती काही शिळी होत नाही, उलट आतलं गंजून काय झालंय ते बाहेरून कळत नाही. पोलीस आले, मग लष्कराचे लोक आले, बघून म्हणाले आत रिकामा आहे, ठेवा. इथे लोक अशा वस्तू शेल्फवर मांडून ठेवतात बिनधास्त, त्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि मग खरी मजा. मला वाटलं तुम्ही नंबरावरून यादी बघून सांगाल, तर तुम्ही नंबर विचारलाच नाहीत! विचारलंत काय, तर हा गरगर फिरत जाणारा फ्यूज आहे का ते बघ. मला काही झेपेना. मग व्हॉइस नोट आली अकरा मिनिटांची, मागे कुकरच्या शिट्ट्या. तोफेच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळा स्वतःभोवती फिरतो आणि फ्यूजची सेफ्टी त्या फिरण्यावरच काढता येते, जसं १०६ नंबरच्या फ्यूजमध्ये गुंडाळलेली फीत उडताना सुटून जाते. पण स्टोक्स मॉर्टर, म्हणजे बॉम्ब उंच उडवून टाकणारी छोटी उखळी तोफ, १९१५ ची, नाव ३ इंची आणि नळी खरी ३.२ इंची म्हणजे ८१ मिलिमीटर, तिला आत खाचाच नाहीत. बॉम्बला सुरुवातीला शेपटीचे पंखही नव्हते, नुसता डबा, हवेत कोलांट्या खात जाणारा! नाकावरच पडेल याची गॅरंटी नाही, म्हणून आधी हातबॉम्बसारखं ठरावीक वेळेनं उडणारं डोकं लावायचे आणि पुढे 'ऑलवेज' फ्यूज आला, कुठल्याही बाजूनं आपटला तरी चालणारा. तोच १४६. माझ्या तुकड्यात फिरण्यावर चालणारं काहीच नव्हतं, आणि टॉर्च अगदी आडवा धरून भिंगातून बघ म्हणालात तेव्हा घासलेल्या जागी ६ चं पोट सावलीत उमटलं. काका, मी घरात ओरडलो अक्षरशः.

टॉफी अ‍ॅपलचा किस्सा पण तुमच्याकडूनच कळला. तो २ इंची मॉर्टरचा काठीवर बसवलेला गोल बॉम्ब, त्याला सुरुवातीला १८ पौंडी तोफेचा ८० नंबरचा महागडा फ्यूज लावायचे, आणि तोफखान्यालाच ते फ्यूज हवे असायचे, मग न्यूटन नावाच्या कॅप्टननं साधा फ्यूज काढला. पुढे १९१७ मध्ये ६ इंची मॉर्टर पण त्याच्याच नावाचा.

कारखान्याच्या शिक्क्यावरून उगाच अंदाज बांधू नकोस हे सांगितलंत तेही बरं झालं. आर. एल. म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी एवढं सरळ असतं, पण १९१५ नंतर कामं इतक्या खासगी कंपन्यांना वाटली होती की दोन अक्षरांवरून कुठल्याही कंपनीचं नाव चिकटवता येतं, आणि विकणारे चिकटवतातच. माझ्यावरची अक्षरं मी आहेत तशी वहीत लिहून ठेवलीत, पुढे नाव लिहिलेलं नाही.

आता पुढचं काम. तुम्ही म्हणालात दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बला पंख आले, तो सरळ नाकावर पडायला लागला, म्हणून १५१, १५२ हे फ्यूज वेगळ्याच धाटणीचे. त्या युद्धात इटलीत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीकडेही २ इंची (टॉफी अ‍ॅपलवाला नव्हे, नंतरचा) आणि ३ इंची मॉर्टर होते, त्यामुळे तिकडे मला जास्त उत्सुकता आहे. एका मित्राकडे असा एक आहे, रिकामा असल्याचं सर्टिफिकेट असलेला. फोटो काढलेत, आट्यांचा वेगळा, शिक्क्यांचा टॉर्च आडवा धरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. रविवारी काकूंची दुपारची झोप झाली की पाठवतो, मोठ्या आवाजात व्हॉइस नोट ऐकता म्हणून त्या चिडतात असं कळलंय.