दोन ‘डॅनेब्रोगें’चा गुंता सोडवणाऱ्या कोपनहेगनच्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तामिळनाडूतल्या तरंगमबाडीचा डॅनिश किल्ला पाहिल्यापासून मला डॅनिश आरमाराचं वेड लागलं. तंजावरच्या भोसल्यांना खंडणी देणाऱ्या या लोकांची लढाऊ जहाजं कशी होती, कुठे लढली, कशी संपली, एवढंच हवं होतं. पण शोधायला बसलं की पहिला ताप नावांचा. एक जहाज गेलं की तेच नाव पुढच्याला. त्यात ‘डॅनेब्रोगे’ म्हणजे कहर. १७१० साली कोगेच्या उपसागरात स्वीडिश आरमाराशी लढताना डॅनिश कप्तान इव्हार हुइटफेल्टचं ‘डॅनेब्रोगे’ पेटलं आणि स्फोट होऊन उडालं. मोजकेच खलाशी वाचले. १८०१ मध्ये इंग्रज नौसेनानी नेल्सन कोपनहेगनवर चालून आला तेव्हा डॅनिश सेनानी ओल्फर्ट फिशरने ज्या जहाजावरून लढाई सुरू केली, तेही ‘डॅनेब्रोगे’, आणि तेही पेटून उडालं! आता कुठली नोंद कोणाची?

तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: “नाव सोडा, बांधणीचं साल आणि शेवट धरा.” त्यावर सगळी टिपणं नव्याने लावली. उडालेल्या जहाजाची रोजनिशी त्याच्याबरोबरच गेली असं धरून चालायचं आणि त्या दिवशी आजूबाजूला असलेल्या जहाजांच्या रोजनिश्या काढायच्या, हेही तुमचंच. तारखांचा घोळही तुम्हीच निस्तरलात. डेन्मार्कने १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च धरला, स्वीडनचं पंचांग मात्र तेव्हा जगावेगळं. त्यामुळे डॅनिश कागदांतली ४ ऑक्टोबरची कोगेची लढाई स्वीडिश कागदांत २४ सप्टेंबरला सापडते. मी एकटा असतो तर दोन लढाया मांडून बसलो असतो.

आणि ते गॉथिक वळणाचं हस्ताक्षर! मोडी बरी म्हणायची वेळ आली. तुम्ही राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पानाचा फोटो पाठवलात, त्यावर लाल पेनाने प्रत्येक ‘ई’भोवती गोल केला होता, कारण तो हुबेहूब ‘एन’सारखा दिसतो. तेवढ्या एका खुणेने पान वाचता यायला लागलं.

१८०७ मध्ये इंग्रजांनी डॅनिश आरमारच उचलून नेलं, तिथून पुढचा माग लंडनच्या दप्तरात, हे सांगितलंत ते तर फारच कामी आलं. डॅनिश जहाजरचनाकार होलेनबर्गने रेखलेलं ‘ख्रिश्चन सातवा’ हे जहाज इंग्रजांना इतकं आवडलं की त्याच आराखड्यावर त्यांनी आपलं ‘केंब्रिज’ बांधलं. चोरीच्या मालाची याहून मोठी तारीफ कोणती!

फी घ्यायला तुम्ही तयार नाही. निदान दिवाळीचा फराळ पाठवतोय, तो तरी परत करू नका.

आपला,
एक जहाजवेडा