छायाचित्रातील ‘राजा’ प्रत्यक्षात स्त्री आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील संग्रहालयांनी आफ्रिकेच्या वस्तू परत करण्याविषयीचा लेख आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. हा विषय मराठी दैनिकात सहसा येत नाही, त्यामुळे त्याला आपण पाऊण पान दिलेत याचे समाधान वाटले. परंतु लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘काँगोतील कुबा आदिवासींच्या राजाचा लाकडी मुखवटा’ अशी जी ओळ छापली आहे, तिच्यातील ‘काँगो’, ‘कुबा’ आणि ‘लाकडी’ हे शब्द सोडले तर बाकी काही खरे नाही. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली असल्यामुळे चित्राखालची ओळ आधी वाचण्याची खोड मला आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

छायाचित्रातील मुखवट्याच्या कपाळावर आणि गालांवर काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची नक्षी आहे, डोळ्यांखालून तिरप्या रेषा गालांवर उतरल्या आहेत आणि नाकावरून ओठ झाकत हनुवटीपर्यंत मण्यांची एक पट्टी आली आहे. ही सर्व लक्षणे ‘न्गादी आ म्वाश’ या मुखवट्याची आहेत आणि न्गादी ही स्त्री आहे. कुबांच्या कथेतील मूळपुरुष वूट याची ती बहीण, आणि पत्नीही. गालांवरच्या रेषा हे तिचे अश्रू मानले जातात. मुखवटा स्त्रीचा असला तरी तो घालून नाचतो मात्र पुरुषच, आणि स्त्रीची चाल, तिचे मुरकणे तो नाचातून उभे करतो.

बहीण आणि पत्नी एकच, हे वाचून आपल्याकडील वाचक दचकेल, पण या कथेला कुबा समाजात आधार आहे. तेथे वंश आईकडून मोजला जातो. राजाचा सख्खा मुलगा गादीवर येत नाही. वारसा भावाकडे आणि बहिणीच्या मुलांकडे जातो. ज्या घराण्यात बहिणीवाचून वंशच पुढे सरकत नाही, तेथे मूळपुरुषाशेजारी पहिले स्थान बहिणीला मिळाले, यात मला तरी नवल वाटत नाही.

मग राजाचा मुखवटा कोणता? तो ‘म्वाशांबोय’. तो वूटचे आणि त्याच्यामागून राजसत्तेचे रूप मानला जातो. आणि गंमत अशी की तो एका लाकडातून कोरलेला नसतोच. त्याचा चेहरा कातडे आणि कापड सांगाड्यावर ताणून बनवतात, त्यावर कवड्या आणि मणी शिवतात, आणि कोरलेले लाकूड वापरायचे ते प्रामुख्याने नाक-कान अशा लहान भागांपुरते. बिबट्याचे कातडे ही तर सत्तेची खूणच, ते कोणीही ऐऱ्यागैऱ्याने अंगावर घ्यायचे नाही. याउलट जो मुखवटा लाकडाच्या मोठ्या ओंडक्यातून कोरून काढतात, तो ‘ब्वूम’: पुढे आलेले भले मोठे कपाळ, रुंद नाक, अधूनमधून तांब्याचे पत्रे ठोकलेले. हा राजाचा धाकटा भाऊ, प्रजेतला सामान्य माणूस किंवा जंगलात राहणाऱ्या त्वा जमातीचा ठेंगणा माणूस असे निरनिराळे अर्थ लोक सांगतात. त्याला डोळ्यांच्या जागी भोके नसतात; आत शिरलेला नर्तक नाकपुड्यांतून बाहेर पाहतो. म्वाशांबोय संथ, तोलून पावले टाकतो. ब्वूम अंगावर आल्यासारखा नाचतो. दोघे न्गादीवरून एकमेकांशी स्पर्धा करतात, असे या तिघांचे नाट्य आहे. म्हणजे ‘लाकडी’ हा शब्द न्गादीला लागू पडला तरी तो ‘राजाचा’ या शब्दाशेजारी ठेवणे अडचणीचेच आहे. कोरीव लाकडाला तेथे कमी लेखतात असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या लेखात ‘मुखवटा’ हा एकच शब्द सतत येतो, आणि तो अपुरा आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात यासाठी नेमका शब्द आहे: सोंग. सोंग म्हणजे नुसता चेहरा नव्हे. चेहरा, वेष, संबळाचा ताल, पावले आणि ते घेऊन नाचणारा माणूस हे सर्व मिळून सोंग होते. कुबांच्या बाबतीतही मुखवट्याखाली राफिया या ताडाच्या तंतूंचा पोशाख, मणी, घुंगरू आणि हातातील वस्तू असतात. तरुणांच्या दीक्षाविधीत आणि मानकऱ्यांच्या अंत्यविधीत हे सारे एकत्र चालून येते. भिंतीवर टांगलेला आणि मानेखाली कापलेला चेहरा म्हणजे त्या सोंगाचा उरलेला तुकडा. आपण छापलेल्या छायाचित्रात तर कातरकामात डोक्यावरची टोपीही गेली आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असताना आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमध्ये ‘मुकेंगा’ पाहण्याचा योग आला. हा म्वाशांबोयचाच एक प्रकार, कुबा प्रदेशाच्या उत्तर भागातील, प्रतिष्ठित व्यक्तीच्या अंत्यविधीत नाचवला जाणारा. डोक्याच्या मध्यातून हत्तीची सोंड वर निघून पुढे वळलेली, तिच्यावर मणी आणि कवड्या, आणि टोकाला पोपटाच्या लाल पिसांचा तुरा. मी काचेला नाक लावून कवड्याच पाहत राहिलो. प्रत्येकीची फट बाहेरच्या बाजूला, एकीला खेटून दुसरी, रांगा सरळ. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळ ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळे सांगायला नको. हिंदी महासागरातील ही कवडी व्यापाऱ्यांच्या हातून फिरत काँगोच्या अंतर्भागात पोहोचली आणि तेथे चलन झाली. म्हणजे त्या सोंडेवर पैसाच शिवलेला होता.

आता ‘आदिवासी’ या शब्दाविषयी. तो शब्द हीन आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण येथे तो चुकीचा आहे. कुबा हे कसाई आणि संकुरू नद्यांच्या प्रदेशातील राज्य आहे, एक टोळी नव्हे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात श्याम या राजाने त्याची घडी बसवली, असे परंपरा सांगते. बुशोंग या सत्ताधारी गटाभोवती डझनाहून अधिक समाज जोडले गेले; न्शेंग ही राजधानी, ‘न्यिम’ हा राजा, आणि त्याच्याखाली पदव्यांची लांबलचक उतरंड. विल्यम शेपर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी १८९२ मध्ये तेथे पोहोचला; १९०८ मध्ये एमिल टोर्डाय हा हंगेरियन मानववंशशास्त्रज्ञ ब्रिटिश म्युझियमसाठी वस्तू गोळा करत आला. दरबारातील जाणत्यांनी त्याला राजांची यादी सांगितली आणि त्यांतील एकाच्या कारकिर्दीत भर दिवसा सूर्य झाकला गेल्याची आठवण सांगितली. ते ग्रहण ३० मार्च १६८० चे ठरले, आणि त्यावरून त्या यादीचा काळ बसवता आला. मधल्या काळात, १९०० मध्ये, बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या वसाहतीच्या सैन्याने हीच राजधानी लुटली होती. परत करण्याच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखात हे एक वाक्य तरी यायला हवे होते.

आणखी एक चूक अधिक गंभीर आहे, कारण ती लेखाच्या मुख्य मुद्द्यात आहे. जून २०२२ मध्ये बेल्जियमचे राजे फिलिप यांनी किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला जो मुखवटा सुपूर्द केला, तो कुबांचा नव्हता. तो ‘काकुंगू’, नैर्ऋत्य काँगोतील सुकू लोकांचा. शिवाय तो ‘परत’ केला असेही म्हणता येत नाही. अमर्याद मुदतीसाठी उसना दिला, अशी त्यामागची शब्दयोजना होती. घेताना उसने म्हणायचे नाही आणि देताना मात्र म्हणायचे, हा व्यवहार आपल्या लेखकाच्या नजरेतून सुटायला नको होता, असे मला वाटते.

येत्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर ती आतल्या पानावर दोन ओळींत न आटोपता त्याच छायाचित्रासह छापावी, आणि टोपी कापू नये. ओळ एवढीच पुरे: ‘न्गादी आ म्वाश, कुबा राज्य, काँगो लोकशाही प्रजासत्ताक. लाकूड, रंग, मणी, कवड्या, कापड.’ मुखवटा ज्या संग्रहालयात आहे त्याचे नावही द्यावे. ते मूळ ओळीतही नव्हते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कलाशिक्षक, सातारा